बाबागाडी जाईल अशी जागा सांगा

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका आईचं पत्र आहे. मुलगा ११ महिन्यांचा. नवऱ्याची कंपनी अंबडला, सुट्टी शनिवारी, अधूनमधून रविवारीही. बहिणीने बाळंतपणानंतर बंगळुरूहून महागाची बाबागाडी पाठवली, ती पावसाळाभर गॅलरीत घडी करून उभी होती. पाऊस ओसरल्यावर तिघं तीनदा बाहेर पडले. त्र्यंबकेश्वरला गर्दी इतकी की गाडी डिकीतून निघालीच नाही. एका वायनरीत गाणी एवढ्या जोरात, की मूल दचकून रडायला लागलं, ‘आणि द्राक्षाचा एक घडही दिसला नाही’. तिसऱ्यांदा रविवारी संध्याकाळी गंगापूर धरणाच्या पाण्याकडे गेले, तर कणसांच्या गाड्या, मोटरसायकली आणि चिखलात रुतलेलं चाक. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोराला घेऊन हिंडायचं कशाला? नवरा म्हणतो, मॉलमध्ये जाऊ, तिथली फरशी तरी गुळगुळीत आहे. बाईंचा प्रश्न असा: ‘तासाभराच्या आत, शांत, बाबागाडी जाईल आणि दिवस घालवता येईल अशा जागांची यादी द्या. नाहीतर गाडी विकून टाकते.’

• • •

यादी देणार आहे. पण तुम्ही एक गोष्ट सहज लिहून गेलात आणि मी तिथेच अडकले. तिन्ही वेळा घरातून किती वाजता निघालात ते पत्रात आहे: सव्वाअकरा, साडेदहा आणि दुपारी चार. उशीर का झाला तेही आहे: ‘तयारीलाच दीड-दोन तास जातात.’ तयारी कोण करतं हे लिहिलेलं नाही, पण क्रियापदं चहाडी करतात. मी भात मऊ शिजवते, मी बाटल्या उकळते, मी बॅग भरते, आणि मग एकदम ‘आम्ही निघतो’.

नाशिकच्या ऑक्टोबरात सव्वाअकरा ही घरी परतायची वेळ आहे, निघायची नाही. दुपारी पारा ३२-३३ पर्यंत जातो, हवेत पावसाचा दमटपणा अजून असतो, आणि पहाटे मात्र पंखा बंद करावासा वाटतो. या दिवसांत तान्ह्या मुलाला घेऊन बाहेर सुखाने राहता येतं ते सकाळी सात ते दहा. संध्याकाळ म्हणाल तर सहा वाजले की अंधार पडायला लागतो आणि पाण्याजवळ डास उठतात. म्हणजे चार वाजता निघून धरणावर पोचेपर्यंत तुमच्या हातात तासभरच उरला होता, आणि तो तास अख्ख्या शहराने निवडलेला होता. तेच पाणी शनिवारी सकाळी साडेसातला जाऊन बघा. कणीसवाले तेव्हा घरी अजून चहा पीत असतात.

तुमच्याकडे शनिवार आहे, ही तर चैन आहे. मुंबई-पुण्याची मंडळी शनिवारी दुपारपासून यायला लागतात आणि रविवारी संध्याकाळी परत जातात. शनिवारची सकाळ अजून त्यांच्या हाती लागलेली नाही.

म्हणून पहिला उपाय जागेचा नाही, बॅगेचा आहे. शुक्रवारी रात्री बॅग भरून मोटारीत ठेवायची, आणि ती भरायची बाळाच्या बाबांनी. ‘त्यांना कळत नाही काय काय लागतं’ असं तुम्ही म्हणाल. एकदा लंगोट विसरले की कळेल. दोन कपड्यांचे जोड, लंगोट, ओले पुसणे, एक जुनी सुती ओढणी, पाणी, डबा. भात सकाळी गरम करून थर्मासमध्ये घालायला दहा मिनिटं लागतात. ओढणी मात्र बाबागाडीच्या टपावरून पूर्ण पांघरू नका. ऊन अडतं असं वाटतं खरं, पण आत हवा कोंडते आणि बाळ उकडून निघतं. टप पुढे ओढा, गाडीची दिशा बदला, सावलीत थांबा. पातळ मच्छरदाणी चालेल, पावसाळ्यानंतरचे हे महिने डेंग्यूचे असतात.

आता ‘दिवस घालवता येईल’ याबद्दल. हे तुमच्या लहानपणीच्या सहलींतून आलंय का? पहाटे पुऱ्या तळायच्या, सतरंजी, पत्ते, झाडाखाली जेवण, संध्याकाळी परत. छान होतं ते, पण त्यात ११ महिन्यांचं कोणी असलंच तर ते आजीच्या मांडीवर होतं. तुमचा मुलगा दिवसातून दोनदा झोपत असेल. त्याच्या दृष्टीने दोन तास म्हणजे पूर्ण सहल. अकराला घरी या, तिघंही झोपा. दुपार मोकळी मिळाली की सहल फसली असं वाटून घेऊ नका.

आणखी एक विचारते. शांतता नक्की कोणाला हवी आहे? स्पीकरला मूल दचकलं हे खरं. पण हेच मूल घरी कुकरच्या शिट्ट्यांमध्ये झोपतं, असं तुम्हीच पत्रात लिहिलंय. मला वाटतं, शांतता तुम्हाला हवी आहे. बाळाच्या नावावर मागायची गरज नाही, तुमच्या नावावर मागा. मग उपायही बदलतो. जिथे जाल तिथे वीस मिनिटं बाबागाडी नवऱ्याच्या हातात द्यायची आणि तुम्ही एका जागी बसायचं. फोन पर्समध्ये. त्या वीस मिनिटांसाठी निर्जन जागा लागत नाही.

द्राक्षांची तक्रार वाचून हसले, रागावू नका. नाशिकला राहूनही आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक नसतं, आणि बाहेरून येणाऱ्यांना तर नसतंच. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, जिला शेतकरी सरळ ‘ऑक्टोबर छाटणी’ म्हणतात. या दुसऱ्या छाटणीनंतर फळ धरतं आणि घड काढणीला येतात ते जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे शरद ऋतूत बागेत दिसतात त्या नुकत्या छाटलेल्या काड्या, फार तर कोवळी फूट. त्यातही हेच दिवस फवारणीचे. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना रसायनाची पेस्ट लावतात, मग पानं आली की डावणी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने औषधाचे पंप सुरू होतात. पावसाळी हवा असेल तर विचारूच नका. शेतकऱ्याचा तो जीव मुठीत धरून काढायचा काळ असतो. तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओळखीच्यांनी ‘या की मळ्यात’ म्हटलं तरी बाळाला घेऊन बागेच्या ओळींमध्ये जाऊ नका. फेब्रुवारीत जा. तोवर तो चालायला लागलेला असेल, घडाला स्वतःच हात घालेल.

आता जागा. तुमच्या तिन्ही सहली एकाच बाजूला झाल्या, हे लक्षात आलं का? त्र्यंबक, वायनरी, गंगापूर: सगळं पश्चिमेला. नाशिककर ‘फिरायला’ म्हणाला की गाडी आपोआप त्र्यंबक रोडला नाहीतर गंगापूर रोडला लागते, कारण डोंगर आणि पाणी तिकडे. पण बाबागाडीला डोंगर नको असतो, कोरडी सपाट जमीन हवी असते. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि सिन्नर पर्जन्यछायेतला दुष्काळी तालुका म्हणून ओळखला जातो. दोन्ही आपल्या शहरापासून तासाभरावर. ऑक्टोबरात पश्चिमेची माती वरून वाळलेली दिसते आणि आत ओली असते. चाक बसलं की बसलंच. माझी मुलगी लहान असताना शेजाऱ्यांची बाबागाडी मागून आणून आम्ही अशाच एका बंधाऱ्यावर गेलो होतो. चाक रुतलं. नवऱ्याने गाडी उचलली, मी बाळ उचललं आणि बॅग उचलायला कोणी उरलं नाही. एक मेंढपाळ आजोबा बॅग घेऊन आमच्यामागे रस्त्यापर्यंत आले आणि म्हणाले, ‘पोरीला पाठीशी बांधायचं सोडून हे काय ढकलत बसलात?’

म्हणून दिवाळीपर्यंत पूर्वेला आणि दक्षिणेला जा, पश्चिम थंडीसाठी राखून ठेवा.

सगळ्यात आधी सिन्नरचं गोंदेश्वर. नाशिकरोडवरून शिंदे-पळसे, मोहदरीचा घाट, साधारण तीस किलोमीटर. सिन्नर ही यादवांची सुरुवातीची राजधानी, आणि हे मंदिर त्यांच्याच काळातलं, साधारण बाराव्या शतकातलं. मधे महादेव, समोर नंदीचा मंडप, चार कोपऱ्यांना सूर्य, विष्णू, पार्वती आणि गणपती यांची लहान मंदिरं, म्हणजे शिवपंचायतन. गावात आहे, पण आवाराच्या भिंतीच्या आत शिरलात की गाव मागे पडतं. पुरातत्त्व खात्याकडे असल्यामुळे आत दुकानं नाहीत, स्पीकर नाही. मंदिरं उंच जोत्यावर आहेत, तिथे पायऱ्या आहेत, आणि तिथे गाडी न्यायची नाहीच. खालचं आवार सपाट आणि मोकळं आहे. एकाने खाली बाळाला फिरवायचं, दुसऱ्याने वर जाऊन निवांत कोरीवकाम बघायचं, मग अदलाबदल. साडेसातला पोचलात तर फुलं-बेल घेऊन आलेली गावातली चार माणसं भेटतील, ती बाळाशी बोलतील. नऊनंतर काळा दगड तापायला लागतो आणि अनवाणी पायांना सोसत नाही. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र सोडून कधीही जा. आवाराबाहेरच्या गल्ल्या अरुंद आहेत. मोटार थोडी अलीकडे लावून चालत जा, नाहीतर वळवताना आधीची सगळी शांतता खर्ची पडते. शनिवारी शिर्डीची वाहतूक सिन्नरवरूनच जाते, म्हणूनही दहाच्या आत परत फिरलेलं बरं.

दुसरी जागा इतकी जवळची आहे की तुम्ही तिला सहल म्हणणार नाही: देवळाली कॅम्प. छावणीचे रुंद रस्ते, जुनी मोठी झाडं, सॅनेटोरियमच्या जाळीदार व्हरांड्याच्या इमारती. मुंबईची माणसं हवापालटासाठी इथे येऊन महिना महिना राहत, आणि ज्या हवेसाठी ती पैसे मोजत ती तुम्हाला घरापासून अर्ध्या तासावर फुकट आहे. इथे ‘बघायला’ काही नाही, हाच मोठा गुण. डांबरी सपाट रस्त्यावर चाकांचा एक लयबद्ध आवाज होतो आणि मुलं हमखास झोपतात. टेंपल हिलला, म्हणजे खंडोबाच्या टेकडीला चढायच्या भानगडीत पडू नका. लष्करी हद्दीजवळ फोटो काढू नका, पहारेकरी थांबवतो आणि त्याचं बरोबर असतं.

त्याहून जवळचं हवं तर पांडवलेण्याच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान. तुमच्या घरापासून ते दहा-पंधरा मिनिटांवर. लेण्यांच्या पायऱ्यांकडे बघायचंसुद्धा नाही, फक्त झाडांत शिरायचं. पहिला शनिवार इथेच घालवा. बॅग, डबा, गाडीची चाकं, सगळ्यांची रंगीत तालीम होईल आणि काही विसरलं तर घर मागेच आहे.

नांदूरमध्यमेश्वर मी मुद्दाम उशिरासाठी ठेवते आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा हा पाणपसारा, राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. अंतर चाळीस-एक किलोमीटर, वेळ सव्वा तास धरा. ऑक्टोबरात पाहुणे पक्षी नुकते यायला लागलेले असतात, खरी जत्रा भरते ती नोव्हेंबर अर्धा सरल्यावर. निरीक्षण मनोऱ्यांना जिने आहेत आणि वाटा मातीच्या, म्हणजे ही बाबागाडीची जागा कमी आणि झोळीची जास्त. पण मोटारीपासून फार दूर न जाता काठाकाठाने पन्नास पावलं गेलात तरी पुरतं. अकरा महिन्यांच्या मुलाला पट्टकदंब नावाचा पाहुणा पक्षी कळणार नाही. पांढऱ्या चोचीचा काळा वारकरी पक्षी पाण्यावरून पळत उडायला लागला की मात्र तो बोट दाखवेल. आणि तुम्ही हळदीकुंकू बदक शोधा. चोचीच्या टोकाला हळद आणि बुडाशी कुंकू, हे नाव ज्या कोणी ठेवलं त्याला माझा नमस्कार. तिथे खाण्याची फार सोय धरू नका, डबा न्या. आणि पिंपळगाव बसवंतकडून वळसा घालून जाऊ नका. टोमॅटोचा हंगाम नोव्हेंबरपर्यंत चालतो, बाजार समितीबाहेर गाड्यांच्या रांगेत अडकलात तर बाळ काय, तुम्हीही रडाल.

त्र्यंबक रस्त्याचं वेड सुटतच नसेल तर देवळापर्यंत न जाता अंजनेरीला थांबा. नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं, १९८० सालापासूनचं, छोटं नाणे संग्रहालय आहे. आधी फोन करून वेळ विचारा. डोंगर खालूनच बघायचा आणि खाऊचा डबा माकडांपासून सांभाळायचा.

मैत्रिणी भंडारदऱ्याला जातात म्हणून आपणही, असं तुम्ही तळटीपेत लिहिलंय. एका बाजूचं अंतरच सत्तर किलोमीटर, वर वळणं. यंदा राहू द्या. वणीच्या गडावर २०१८ पासून ट्रॉली आहे, पायऱ्या चुकतात, म्हणून लहान मुलांची आई-बापं तिकडे वळतात. देवदर्शनाला जरूर जा. पण नवरात्र आणि कोजागरीला, कावडीवाल्यांची रीघ लागलेली असताना, शांतता शोधायला जाऊ नका.

गाडीच्या चाकांबद्दल थोडं. महागाची असली तरी तुमची बहुतेक शहरी फुटपाथसाठी केलेली आहे, पुढची चाकं लहान आणि गिरकी घेणारी असतील. खडीवर ती चाकं लॉक करा, बाजूला खटका असतो. तरीही अडली तर ढकलू नका, मागच्या मोठ्या चाकांवर किंचित कलती करून उलटी ओढा. काम सोपं होतं. पट्टा मात्र प्रत्येक वेळी लावा, आणि पाण्याच्या काठावर उतार असेल तिथे ब्रेक लावला तरी हात सोडू नका. मोटारीतही बाळ मांडीवर घेऊन पुढे बसणं आजपासून बंद. मागच्या सीटवर, मागे तोंड केलेली, त्याच्या वजनाची कार सीट लावा. बाबागाडीपेक्षा ती आधी घ्यायला हवी होती.

सासूबाईंचं वाक्य तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय, दरवेळी थोडं वेगळं. एकदा दृष्ट लागेल, एकदा वारं लागेल, एकदा ‘आम्ही नाही का मुलं वाढवली’. तिसरं खरं असावं. त्यांनी मुलं वाढवली तेव्हा त्यांना शनिवारी कोणी कुठे नेलं होतं का, हे विचारून बघा. भांडणासाठी नको, खरंच विचारा. पत्रात एकाही सहलीला त्या तुमच्यासोबत दिसत नाहीत. त्यांना ‘येता का’ असं विचारलं गेलं की नाही, ते तुम्हालाच माहीत. गोंदेश्वरला महादेव आहे, त्यांना नाही म्हणायला जड जाईल. त्या आल्या तर तुमची एकांताची वीस मिनिटं चाळीस होतात, हा हिशेबही बघा. नाही आल्या तर जाताना बाळाला तीट त्यांच्याकडूनच लावून घ्या.

नवऱ्याच्या मॉलला मी सरसकट नाही म्हणणार नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता मीही तिथेच जाईन. पण वर्षातले हे दोन-अडीच महिने, सोनकीची रानफुलं कोमेजायच्या आत आणि कडाका पडायच्या आत, वातानुकूलित फरशीवर घालवायचे म्हणजे आंब्याच्या दिवसांत डबाबंद रस पिण्यासारखं आहे. त्यांना एवढंच सांगा की सकाळी नऊला परतीच्या वाटेवर मिसळ आहे. रविवारी जिथे टेबलासाठी तासभर ताटकळतो, तिथे शनिवारी सकाळी रस्सा मागायच्या आधी येतो. तिखट बाळापासून लांब ठेवा, पण पाव त्याच्या हातात द्यायला हरकत नाही.

आणि गाडी विकू नका. निदान मार्चपर्यंत तरी. मूल चालायला लागलं की गाडीत बसत नाही, स्वतःच ती ढकलत सुटतं आणि आपण तिच्यात पाण्याच्या बाटल्या, चपला आणि गोळा केलेले दगड ठेवतो. शेजाऱ्यांची ती मागून आणलेली गाडी आमच्याकडे चार वर्षं होती. परत केली तेव्हा तिच्या खालच्या खणात अर्धी वाटी चिंचोके निघाले.